छोट्या जहाजातून फियॉर्डमध्ये : सावनेर ते हिमाद्री



पाठ सुरू करण्याआधी अ‍ॅटलास उघडा आणि आपलं सावनेर शोधा. नागपूरच्या वर, छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोट ठेवा. आपलं गाव साधारण २१.४ अंश उत्तर अक्षांश आणि ७८.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. आता एक गंमत करू. ७८.९ हा आकडा रेखांश म्हणून न घेता उत्तर अक्षांश म्हणून घ्या आणि नकाशात वर वर जा. हिमालय, रशिया, आर्क्टिक वृत्त सगळं ओलांडा. नॉर्वेच्याही उत्तरेला स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह दिसेल. त्यात ७८.९ अंश उत्तरेला नी-ओलेसुंड नावाचं एक चिमुकलं गाव आहे. आपल्या रेखांशाचा आकडा आणि त्या गावाच्या अक्षांशाचा आकडा एकच!

हा निव्वळ योगायोग आहे, त्यात काही गूढ नाही. पण अक्षांश आणि रेखांश यांत गोंधळ झाला तर माणूस कुठल्या कुठे पोहोचतो, हे मात्र यावरून कायमचं लक्षात राहील. त्या गावात भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे आणि गाव वसलंय एका फियॉर्डच्या काठावर. आज आपण तिथे जाणार आहोत, तेही शिडाच्या छोट्या जहाजातून. मी स्वतः तिथे गेलेलो नाही. आपला प्रवास नकाशा, पुस्तकं आणि डोळ्यांसमोर आणलेलं चित्र यांच्या आधारानेच होईल. पण वाट खरी आहे, ठिकाणं खरी आहेत.

फियॉर्ड म्हणजे काय?

नववीच्या भूगोलात बाह्यप्रक्रिया शिकताना आपण हिमनदीचं कार्य पाहिलं. नदी डोंगर कापते तेव्हा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी दरी तयार होते. हिमनदी मात्र जड असते, रुंद असते आणि तळाशी दगडधोंडे धरून सरकत असते. ती दरीचा तळ आणि दोन्ही बाजू एकदमच खरवडते. म्हणून तिची दरी 'यू' अक्षरासारखी होते : तळ सपाट, कडे उभे. पुढे हिमनदी मागे हटते आणि त्या दरीत समुद्राचं पाणी शिरतं. अशा बुडालेल्या हिमानी दरीला फियॉर्ड म्हणतात.

कोकणातल्या खाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्याही जमिनीत आत शिरलेल्या असतात, पण त्या नदीच्या मुखाशी असतात आणि उथळ असतात. फियॉर्डचं तसं नाही. नॉर्वेचा सोग्नेफ्योर्ड २०० कि.मी.हून लांब आणि सर्वांत खोल जागी सुमारे १,३०० मीटर खोल आहे. कडा जशी पाण्याच्या वर उभी, तशीच पाण्याखालीही उभीच उतरत जाते.

आणखी एक शब्द वहीत लिहा : उंबरठा. बऱ्याच फियॉर्डच्या तोंडाशी तळ उंच असतो. हिमनदीने आणून टाकलेला हिमोढ किंवा न खरवडलेला खडक तिथे उरलेला असतो. घराचा उंबरठा जसा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसा हा उंबरठा बाहेरच्या समुद्राचं खोलवरचं पाणी अडवतो. हा शब्द आपल्याला पुढे लागणार आहे.

छोटं जहाजच का?

तुम्ही म्हणाल, एवढ्या बर्फात जायचं तर जहाज मोठं आणि दणकट हवं. इतिहास जरा वेगळं सांगतो.

१८४५ मध्ये इंग्लंडहून सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन मोठी जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडचा वायव्य मार्ग शोधायला निघाले. त्या मोहिमेवरची १२९ माणसं परत आलीच नाहीत. त्यानंतर १९०३ मध्ये नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन 'योआ' नावाची मासेमारीची जुनी बोट घेऊन निघाले. लांबी जेमतेम २१ मीटर, आणि बोटीवर त्यांच्यासह फक्त सात माणसं. छोटं जहाज उथळ पाण्यातून जाऊ शकत होतं आणि सात माणसांचं पोट शिकारीवर भरू शकत होतं. वाटेत त्यांनी जवळपास दोन वर्षं एकाच बंदरात मुक्काम केला. तिथल्या नेटसिलिक इन्युइट लोकांकडून कातड्याचे कपडे कसे घालायचे, कुत्र्यांची घसरगाडी कशी हाकायची हे ते शिकले. १९०६ मध्ये वायव्य मार्ग पार झाला. आमुंडसेन यांच्या यशात बोटीच्या लहानपणाचा वाटा होता, तसाच स्थानिक लोकांकडून शिकण्याचाही होता.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. गोव्यात बांधलेली भारतीय नौदलाची 'तारिणी' ही शिडाची बोट फक्त ५५ फुटांची आहे. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी याच बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. नेतृत्व लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांचं होतं. त्या आर्क्टिकला गेल्या नव्हत्या, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ओलांडून आल्या. पण छोटी बोट म्हणजे कमकुवत बोट नव्हे, हे त्यांनी दाखवून दिलं.

निघण्यापूर्वीची तयारी

मार्ग असा : नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून ऑस्लो आणि ऑस्लोहून विमानाने लाँगइयरब्येन. हे स्वालबार्डचं मुख्य गाव, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश भारताचीही सही आहे. त्या करारामुळे स्वालबार्डला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. पण वाट नॉर्वेतून जाते, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो आणि तोही दोनदा प्रवेश देणारा. कारण नॉर्वेतून स्वालबार्डला गेलं की तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. असा बारकावा लक्षात न घेतल्यामुळेच प्रवास अडतात.

कपड्यांचं काय? आपल्या विदर्भाचं पांढरं सोनं, म्हणजे कापूस, तिथे अंगालगत चालत नाही. कापूस घाम शोषून घेतो आणि ओलाच राहतो. ओलं कापड अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणून अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर ऊब धरणारा थर आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा थर. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब देते. आजीच्या गोधडीचंही तेच तत्त्व नाही का?

जुलैमध्ये तिथलं तापमान साधारण ५ ते ७ अंश सेल्सिअस असतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश! आणि रात्र? एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत नी-ओलेसुंडला सूर्य मावळतच नाही. २१ जूनला मध्यरात्रीसुद्धा तो क्षितिजाच्या सुमारे १२ अंश वर असतो. झोपायचं ते घड्याळ पाहून.

जहाजावर

आपलं जहाज दोन डोलकाठ्यांचं आहे. पंधरा-वीस प्रवासी आणि मोजकेच खलाशी. लाँगइयरब्येनचा धक्का सुटला की जहाज इसफ्योर्डनमध्ये येतं. सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका : शिडाचं जहाज सतत शिडांवरच चालत नाही. फियॉर्डमध्ये वारा लहरी असतो. कधी पानही हलत नाही, तर कधी हिमनदीवरची थंड, जड हवा उतारावरून घरंगळत खाली येते आणि एकाएकी झोडपून काढते. म्हणून इंजिन असतंच. पण वारा मिळाला आणि इंजिन बंद झालं, की लाटांचा आणि पक्ष्यांचा आवाज तेवढा उरतो.

उत्तरेकडे जाताना डाव्या हाताला प्रिन्स कार्ल्स फोरलँड हे लांबट बेट लागतं. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये फोरलँडसुंड ही सामुद्रधुनी आहे. तिच्यात एका जागी पाण्याखाली उथळ बांध आहे, तिथे पाणी काही मीटरच खोल आहे. मोठ्या जहाजांना बेटाला बाहेरून वळसा घालावा लागतो. आपलं छोटं जहाज भरवशाच्या नकाशावर आणि खोली मोजणाऱ्या यंत्रावर डोळा ठेवून मधूनच जातं. छोटेपणाचा फायदा इथे प्रत्यक्ष दिसतो. वाटेत पूलेपिन्टेन या वाळूच्या टोकावर वॉलरस पहुडलेले असतात. नराचं वजन हजार किलोंच्याही वर जातं. सुळे आणि चरबीसाठी माणसाने त्यांची इतकी शिकार केली की ते इथून जवळजवळ संपले होते. १९५२ पासून संरक्षण मिळालं आणि हळूहळू ते परतले.

किनाऱ्यावर उतरायचं ते रबरी होडीतून. आधी वाटाडे उतरतात, दुर्बिणीने चारही बाजू न्याहाळतात. ध्रुवीय अस्वल नाही याची खात्री झाली की मगच प्रवासी. वाटाड्याकडे अस्वलाला पळवून लावायची साधने आणि बंदूकही असते, पण ती चालवायची वेळ येऊ न देणं हेच त्याचं खरं काम. २०२५ पासून नियम आणखी कडक झाले आहेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं. संरक्षित भागात २०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना बंदी आहे. फोटो थोडा लांबून येईल, पण घर त्यांचं आहे, पाहुणे आपण आहोत.

हिमनदीच्या तोंडाशी

आता जहाज कोंग्सफ्योर्डनमध्ये शिरतं. नावाचा अर्थ 'राजाचा फियॉर्ड'. समोर हिमनदी थेट समुद्रात उतरलेली दिसते. बर्फाची भिंत पांढरी असेल असं वाटतं, पण ती ठिकठिकाणी निळी असते. खूप दाबाखाली घट्ट झालेलं बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत येतो.

जहाज लांबच थांबतं. भिंतीचा तुकडा कधी कोसळेल याचा नेम नसतो आणि कोसळला की मोठी लाट उठते. शिवाय हिमनदी मागे हटलेल्या ठिकाणी नवीन पाणी तयार झालेलं असतं. जुन्या नकाशात तिथे बर्फ दाखवलेलं असतं, म्हणून खोली मोजलेलीच नसते. कप्तान तिथे अगदी सावकाश जातो.

होडीत शांत बसलात तर पाण्यातून तडतड ऐकू येते. जणू गरम तव्यावर मोहरी तडतडतेय! बर्फात कोंडलेले हवेचे बुडबुडे बर्फ वितळताना फुटतात, त्याचा हा आवाज. भिंतीच्या पायथ्याशी पाणी गढूळ तपकिरी दिसतं, कारण हिमनदीने दळलेला खडकाचा गाळ त्यात असतो. वितळलेलं गोडं पाणी वर उसळताना खालचे सूक्ष्म जीव वर आणतं, म्हणून पक्ष्यांची झुंबड तिथेच असते.

याच फियॉर्डमध्ये ब्लोमस्ट्रांडहाल्वोया नावाची जागा आहे. नॉर्वेजियन भाषेत 'हाल्वोय' म्हणजे द्वीपकल्प. पण आज ते बेट आहे! ज्या हिमनदीने ते मुख्य भूमीला जोडलं होतं ती मागे हटली आणि १९९० च्या दशकात मधे पाणी दिसू लागलं. नाव द्वीपकल्प, जागा बेट. हवामान बदल म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारलं तर हे एकच उदाहरण सांगा.

हिमाद्री आणि उंबरठा नसलेला फियॉर्ड

फियॉर्डच्या दक्षिण काठावर नी-ओलेसुंडची रंगीत लाकडी घरं दिसू लागतात. उतरण्याआधी फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायचं. तिथली संवेदनशील यंत्रं अवकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात, म्हणून गावात रेडिओ-शांतता पाळतात. गावाबाहेर एक उंच लोखंडी मनोरा आहे. ११ मे १९२६ रोजी आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले 'नॉर्गे' हे हवाई जहाज घेऊन इथूनच निघाले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर ध्रुवावरून गेले. योआवाले आमुंडसेन ते हेच.

आपलं हिमाद्री केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झालं. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आपल्या शेजारच्या गोव्यात, वास्कोला आहे. जुलै २०१४ मध्ये कोंग्सफ्योर्डनच्या पाण्यात, १९२ मीटर खोलीच्या जागी, भारताने 'इंडआर्क' ही नांगरलेली वेधशाळा सोडली. ती पाण्याचं तापमान, क्षारता वगैरे नोंदवते. डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीच्या काळातही तिथे जाऊ लागले.

पण हाच फियॉर्ड का? आता उंबरठा आठवा. कोंग्सफ्योर्डनला तोंडाशी ठळक उंबरठा नाही. अटलांटिक महासागराचं उबदार पाणी थेट आत येतं. २००६ नंतर इथे हिवाळ्यातही समुद्र पूर्वीसारखा गोठत नाही. बाकी आर्क्टिकमध्ये पुढे काय घडू शकेल, ते इथे आधीच पाहायला मिळतं.

"मंग तिथले लोकं कुठी गेले?"

आता या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग.

नी-ओलेसुंड हे आधी कोळसा खाणीचं गाव होतं. १९१६ मध्ये किंग्ज बे कंपनी स्थापन झाली. अपघात वारंवार झाले. ५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले. खाण बंद झाली आणि या प्रकरणावरून १९६३ मध्ये नॉर्वेचं सरकारही पडलं. कोळसा वाहणारी चिमुकली रेल्वे आजही गावात उभी आहे, पाहण्यापुरती.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, "सर, खाण बंद झाली, मंग तिथले लोकं कुठी गेले?" विचारणाऱ्याचे बाबा खाणीत कामाला आहेत. वर्ग एकदम शांत झाला. सावनेरमध्ये हा प्रश्न फक्त भूगोलाचा नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या भूमिगत खाणींवर इथली कितीतरी घरं चालतात. खापरखेडा आणि कोराडीच्या वीज केंद्रांच्या चिमण्या आपल्याला रोज दिसतात.

मी उत्तर खरं तेच दिलं. ते लोक गाव सोडून गेले. खाण कामगारांचे दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञ झाले नाहीत. संशोधन केंद्रं नंतर आली, काही वर्षांनी, वेगळी माणसं घेऊन. लाँगइयरब्येनची गोष्ट मात्र निराळी आहे. तेही कोळशाचंच गाव. पण तिथे खाणी चालू असतानाच १९९३ मध्ये विद्यापीठ केंद्र सुरू झालं, पर्यटन वाढलं. नॉर्वेची स्वालबार्डमधली शेवटची कोळसा खाण ३० जून २०२५ रोजी बंद झाली, तेव्हा गाव ओस पडलं नाही. दोन्ही गावं एकाच बेटावर, दोन्ही कोळशाची. एका गावाला तयारीला वेळ मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

कोळसा कधी ना कधी संपतो किंवा थांबतो. त्याला घाबरायचं कारण नाही, पण तो थांबण्याआधी काय शिकायचं हे मात्र ठरवावं लागतं. सावनेरच्या खाणीजवळ इको पार्क करून लोकांना भूमिगत खाण म्हणजे काय ते दाखवण्याचा प्रयोग झाला, ते याच दिशेचं छोटं पाऊल आहे.

बर्फ इथे, जंगल तिथे

आपल्या खाणीतला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना. त्या कोळशाच्याही खालच्या, त्याहून जुन्या थरांत हिमनदीने आणलेले दगडगोटे सापडतात. १८७५ मध्ये फेडन या भूवैज्ञानिकांना चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी, इरई गावाजवळ, चुनखडीच्या खडकावर हिमनदीने पाडलेले ओरखडे दिसले. म्हणजे आपला विदर्भ एकेकाळी बर्फाखाली होता! उलट नी-ओलेसुंडचा कोळसा सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा. तेव्हा तिथे उबदार हवा आणि दाट जंगल होतं.

मग हवामान नेहमीच बदलतं तर आता काळजी कशाला? प्रश्न रास्त आहे. फरक वेगाचा आहे. ते बदल लाखो वर्षांत झाले, त्यात खंडही सरकले. आताचा बदल एका माणसाच्या आयुष्यात दिसतोय. गेल्या चार दशकांत आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं आहे. पांढरं बर्फ ऊन परत फेकतं, काळं पाणी ते पिऊन टाकतं. म्हणून बर्फ जितकं कमी, तितकी उष्णता जास्त.

याचा संत्रा, कपाशी, सोयाबीनशी काय संबंध? गोव्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी आर्क्टिकच्या कारा समुद्रातलं उन्हाळी बर्फ घटणं आणि सप्टेंबरमध्ये मध्य भारतात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो, असं मांडलं आहे. हे अजून सिद्ध झालेलं नाही, अभ्यास चालू आहे. पण काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच कोंब धरतं तेव्हा काय होतं, हे तुमच्या घरी विचारा. म्हणजे हा अभ्यास कोणासाठी चाललाय ते कळेल.

करून पहा

१. ग्लासात बर्फाचा खडा टाका. किती भाग वर, किती खाली ते पट्टीने मोजा. हिमनगाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली का असतो?

२. दोन सारख्या वाट्यांत पाणी घ्या. एकीवर पांढरा कागद, दुसरीवर काळा कागद झाका. एक तास उन्हात ठेवून तापमान मोजा.

स्वाध्याय

१. सावनेर ते नी-ओलेसुंड अक्षांशांतला फरक काढा. एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी. धरून उत्तर-दक्षिण अंतर किती येतं?

२. खाडी आणि फियॉर्ड यांतील तीन फरक लिहा.

३. कोंग्सफ्योर्डनला उंबरठा असता तर इंडआर्कच्या नोंदी कशा वेगळ्या आल्या असत्या? कारण द्या.

४. फियॉर्ड पाहायला विमानाने जाणारा प्रवासीही इंधन जाळतो. मग अशा सहलींना जावं का? दोन्ही बाजू मांडा.

५. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या खाण कामगाराशी बोला. त्यांना कामातलं काय काय येतं (पंप, वीज, हवा खेळती ठेवणं, खडक ओळखणं) याची यादी करा. यातलं कोणतं कौशल्य खाणीबाहेरही उपयोगी पडेल?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही. वहीत लिहून आणा, सोमवारी वर्गात सगळ्यांची वाचू.